संगणक सुरू झाला की ब्रॉडबँड आपोआप जोडलं जावं, यासाठी काय करावं?

सत्तरीकर

नमस्कार मंडळी,

वाळपईजवळ आमच्या घरी बाबांचा डेस्कटॉप आहे, विंडोज १० चा. नेट गावातल्या केबलवाल्याचं. त्याने खांबावरच्या पेटीतून लॅनची एक वायर आणून थेट संगणकात खोचली आहे. मध्ये मोडेम नाही, राउटर नाही. संगणक सुरू केला की खाली उजव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर टिचकी मारायची, यादीतून ‘ब्रॉडबँड कनेक्शन’ निवडायचं, मग दुसरी खिडकी उघडते, तिथे पुन्हा त्याच नावावर टिचकी, मग ‘कनेक्ट’.

बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. सकाळी वर्तमानपत्रं वाचणं, नाट्यपदं ऐकणं आणि माझ्या बहिणीशी व्हिडिओवर बोलणं एवढंच त्यांना लागतं, पण ते रोज लागतं. पावसात दिवसातून अनेकदा वीज जाते आणि प्रत्येक वेळी हे सगळं पहिल्यापासून. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ती बारीक चिन्हं शोधताना त्यांना खरोखर त्रास होतो. मी पुण्यात, फोनवरून सांगत बसतो.

कनेक्शनचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकून पाहिला. खिडकी आपोआप उघडते, पण कनेक्टचं बटण दाबावंच लागतं. बटणही दाबायला लागू नये असा उपाय हवा आहे. बाबांनी फक्त संगणक सुरू करावा, बाकी सगळं त्याचं त्याने व्हावं.

घुमट

राउटर घ्या. बाकी काही करू नका.

जुनापीसी

घुमट यांचं उत्तर बरोबर आहे, पण राउटर येईपर्यंत बाबांनी काय करायचं? आजच्या आज करता येईल असं सांगतो.

तुमच्याकडे जे आहे त्याला पीपीपीओई म्हणतात. डायल-अपच्या काळातली नाव-पासवर्ड देऊन आत शिरायची पद्धत लॅनच्या वायरीवर चालवलेली. वायर जोडलेली असली तरी लॉग-इन झाल्याशिवाय पलीकडचं यंत्र तुम्हाला पत्ता देत नाही. म्हणजे कोणीतरी डायल करायलाच हवं. आज ते काम बाबा करतात, ते विंडोजकडे सोपवायचं आहे.

विंडोजमध्ये ‘रासडायल’ नावाची आज्ञा फार जुन्या काळापासून आहे. खिडकी न उघडता, काही न विचारता ती कनेक्शन डायल करते. (इथे देवनागरीत लिहितोय, टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) ही आज्ञा टास्क शेड्यूलरमधून चालवायची.

स्टार्ट मेनूत टास्क शेड्यूलर शोधा, उजवीकडे ‘क्रिएट टास्क’. ‘बेसिक टास्क’ नको, त्यात पुढचे पर्याय मिळत नाहीत. ट्रिगरमध्ये ‘अ‍ॅट लॉग ऑन’ निवडा आणि त्याच पानावर खाली ‘डिले टास्क फॉर’ला ३० सेकंद द्या. हा उशीर महत्त्वाचा आहे. नेटवर्क कार्ड जागं व्हायच्या आत डायल झालं तर ६५१ ची चूक येते आणि गाडी तिथेच अडते. मग अ‍ॅक्शनमध्ये ‘स्टार्ट अ प्रोग्रॅम’, प्रोग्रॅमच्या जागी रासडायल, आणि खालच्या आर्ग्युमेंट्सच्या चौकटीत कनेक्शनचं नाव दुहेरी अवतरणात. नावात जागा सुटलेली असते म्हणून अवतरण हवंच, नाहीतर ६२३ ची चूक येईल, म्हणजे या नावाचं कनेक्शन सापडलं नाही. पासवर्ड आधी सेव्ह केलेला असेल तर विंडोज १० वर सहसा एवढं पुरतं. नाही चाललं तर नावापुढे जागा सोडून युजरनेम आणि पासवर्ड लिहा.

‘अ‍ॅट स्टार्टअप’ हा ट्रिगर मुद्दाम टाळायला सांगतोय. विंडोज १० शट डाऊन केलं तरी पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतं. त्यामुळे तो ट्रिगर कधी चालतो, कधी चालत नाही. लॉग ऑनचा चुकत नाही.

सत्तरीकर

जुनापीसी, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. आज संध्याकाळी शेजारच्या मुलाला बसवून करून घेतो.

घुमट, राउटरचा विचार केला होता. पण केबलवाला म्हणतो की त्याच्या लाइनवर राउटर चालत नाही, फक्त संगणक चालतो. हे खरं आहे का?

घुमट

नाही. चालतो. लाइनला पलीकडे संगणक आहे की राउटर हे कळतच नाही, तिला फक्त जोडलेल्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दिसतो. त्याने बाबांच्या संगणकाचा मॅक त्याच्याकडे नोंदवून ठेवला असणार, म्हणून दुसरी कुठलीही वस्तू लावली की लॉग-इन नाकारलं जातं. एकतर त्याला फोन करून नवा मॅक नोंदवायला सांगा. नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक क्लोन’ असतं, त्यात संगणकाचा मॅक उचलून राउटरला देता येतो. आधी त्याला सांगूनच करा. छोटा माणूस असतो, रात्री-अपरात्री खांबावर तोच चढतो, संबंध चांगले असलेले बरे.

आबोली

फोंड्याला सासूबाईंकडे हीच अडचण होती. तिथे जुनी टेलिफोनची लाइन होती आणि मोडेम ब्रिज मोडवर टाकलेला, त्यामुळे डायल संगणकानेच करायचं. मोडेमच्या पानावर जाऊन (आमच्याकडे १९२.१६८.१.१ होतं, मोडेमच्या खाली चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं) ब्रिजच्या जागी पीपीपीओई निवडलं, तिथेच युजरनेम-पासवर्ड भरला आणि सेव्ह केलं. त्या दिवसापासून मोडेम स्वतःच डायल करतो. संगणक, फोन, टीव्ही सगळ्यांना नेट मिळतं.

फोनच्या लाइनवाल्यांनी हे करताना व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे अजिबात हलवू नयेत. बीएसएनएलचे ० आणि ३५, एमटीएनएलचे ० आणि ३२. ते बिघडले तर डीएसएलचा दिवा हिरवा दिसतो पण लॉग-इन होत नाही, आणि माणूस पासवर्डमध्ये चूक शोधत बसतो.

तुळसवृंदावन

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहिते. आपोआप जोडलं जाणारं नेट मला पसंत नाही. आमच्याकडे मुद्दाम हाताने जोडायची पद्धत ठेवली आहे. काम असलं की जोडायचं, झालं की तोडायचं. डेटा किती गेला ते कळतं, मुलं अभ्यासाच्या वेळी भरकटत नाहीत, आणि पाठीमागे विंडोज काय काय उतरवून घेतं त्यालाही आळा बसतो. सुरक्षेच्या दृष्टीनेही दिवसभर उघडी लाइन बरी नव्हे.

जुनापीसी

तुळसवृंदावनताई, तुमच्या घरापुरतं तुमचं बरोबर आहे. डेटाला मर्यादा असेल तर मीही हेच सांगीन. पण सत्तरीकरांचे वडील ज्येष्ठ आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येक टिचकी हा अडथळा आहे. तिथे शिस्तीचा प्रश्न नाही, सोयीचा आहे.

सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे आणि त्यावर थोडं लिहितो. संगणकाने स्वतः डायल केलं की तो थेट बाहेरच्या जाळ्यात उघडा पडतो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला तेव्हा ज्यांचे विंडोज एक्सपीचे संगणक असे थेट जोडलेले होते त्यांना काही न उघडता, काही न दाबता लागण झाली. नेट जोडलं की साठ सेकंदांची उलटी गणती आणि संगणक बंद. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जुलैतच दिली होती, पण ती उतरवायला नेट लागे आणि नेट जोडलं की गणती सुरू होई. एक्सपीत फायरवॉल मुळातच चालू ठेवायची पद्धत २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून आली. राउटर मध्ये असला तर बाहेरून आपणहून येणारी मागणी त्याच्यापाशीच थांबते, कारण आत कुठल्या यंत्राकडे पाठवायची हे त्याला ठाऊक नसतं. म्हणजे ताई, तुमच्या काळजीवरचं उत्तरही राउटरच आहे.

आणखी एक. विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. असा संगणक राउटरशिवाय थेट जोडलेला ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

तुळसवृंदावन

राउटरचा मुद्दा मान्य. डेटाचा नाही. 🙂

हुमण

तुळसवृंदावनताईंच्या डेटाच्या मुद्द्यावरून आठवलं. मडगावात आम्ही मित्र एका खोलीत राहायचो तेव्हा बीएसएनएलची ती योजना होती, रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद, बाकी वेळ मोजून. आमच्यातला एक जण गजर लावून दोनला उठायचा, डायल करायचा आणि पुन्हा झोपायचा. मोठ्या फायली उतरवायच्या त्या याच वेळात. पहाटे कोणीतरी आठाच्या आत तोडायलाच हवं, नाहीतर पुढचा प्रत्येक एमबी मोजला जायचा.

मग शेड्यूलरमध्ये दोन टास्क टाकले. दोन वाजून पाच मिनिटांनी रासडायल आणि पावणेआठला रासडायलपुढे तिरकी रेघ व ‘डिस्कनेक्ट’. पाच-दहा मिनिटं दोन्हीकडे सोडायची, कारण आपलं घड्याळ आणि त्यांचं घड्याळ जुळत नसे. त्या महिन्यापासून सगळे पुरी झोप घेऊ लागले. तुळसवृंदावनताई, तुम्हालाही हे करता येईल. अभ्यासाच्या वेळी तोडायचं, जेवणानंतर जोडायचं. आपोआप म्हणजे दिवसभरच असं काही नाही.

तुळसवृंदावन

हे आवडलं. हे करून बघते.

मांडवीतीर

२५६ केबीपीएसचे दिवस ते! २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला एवढंच लागे. पुढे २०१३ ला ५१२ केबीपीएस केलं आणि २०२३ ला २ एमबीपीएस. तेव्हा एक गाणं उतरेपर्यंत चहा करून पिऊन होत असे.

काणकोणचा_पाऊस

घाई करू नका, राउटर घेण्याआधी हेही वाचा. सत्तरीकर, तुम्ही लिहिलंय की वायर खांबावरून थेट संगणकात येते. ही तांब्याची लॅनची वायर असेल तर मे-जूनच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात ती फार धोक्याची. जवळपास वीज पडली की उघड्यावरच्या तांब्याच्या वायरीत दाब चढतो आणि तो थेट मदरबोर्डवरच्या लॅन पोर्टात शिरतो. आमच्या वाड्यावर एका संध्याकाळी तीन घरांचे पोर्ट गेले. संगणक सुरू होतो, पण लॅनचं चिन्हच दिसत नाही.

राउटर मध्ये असला तर बहुतेक वेळा त्याच्यावर निभावतं. खात्री कोणी देऊ शकत नाही, पण राउटर दीड-दोन हजारांत येतो, मदरबोर्ड त्या किमतीत येत नाही. तरीही गडगडायला लागलं की भिंतीवरचा प्लग आणि बाहेरून येणारी लॅनची वायर, दोन्ही काढायचं. फक्त प्लग काढून भागत नाही. तुमच्या बाबांना ही एक गोष्ट मात्र हाताने करायला शिकवाच.

जमलं तर केबलवाल्याला सांगा की घरापर्यंत फायबर आण आणि खोक्यातून आत लॅन दे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. बाहेरच्या फायबर केबलला लटकवण्यासाठी पोलादी तार असते, ती घरात शिरण्याआधी बाहेरच कापून बांधायला लावा.

घुमट

पावसाळ्यात काणकोण काय आणि सत्तरी काय, याच सल्ल्याला पहिला मान.

सत्तरीकर

मंडळी, जुनापीसी यांचा उपाय केला. संगणक सुरू झाला की अर्ध्या मिनिटात एक काळी खिडकी क्षणभर दिसते, जाते, आणि नेट येतं. बाबांनी लगेच फोन करून सांगितलं, “आज काहीच दाबलं नाही.” त्यांचा आवाज ऐकून फार बरं वाटलं.

दोन अडचणी उरल्या. एक, संगणक चालू असताना मध्येच नेट तुटलं तर परत जोडलं जात नाही. घरी इन्व्हर्टर आहे, त्यामुळे वीज गेली तरी संगणक बंद पडत नाही, पण खांबावरची पेटी बंद पडते आणि नेट तुटतं. दुसरी, वीज आल्यावर लगेच हाताने जोडलं तर ६९१ ची चूक येते, पासवर्ड चुकला म्हणते. पासवर्ड बरोबर आहे. थोड्या वेळाने पुन्हा जोडलं की चालतं.

जुनापीसी

दुसरीपासून सुरू करतो. ६९१ म्हणजे पासवर्ड चुकीचा असा एकच अर्थ नाही. वीज अचानक गेली तेव्हा तुमच्या संगणकाला ‘मी निघालो’ असं पलीकडे सांगता आलं नाही. त्यांच्या सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात. कदंबच्या बसमध्ये सीटवर रुमाल टाकून माणूस खाली उतरावा आणि परत आल्यावर वाहकाने ‘इथे कोणीतरी बसलंय’ म्हणावं, तसं हे झालं. रुमाल तुमचाच आहे. एका युजरनेमला एकच प्रवेश असल्यामुळे ते जुनं सत्र वेळ संपून मोकळं होईपर्यंत नवं नाकारलं जातं. काही मिनिटं थांबणं हाच उपाय. त्या वेळात कुणी पासवर्ड बदलत बसू नये.

पहिल्या अडचणीसाठी त्याच टास्कच्या ट्रिगरमध्ये ‘रिपीट टास्क एव्हरी’ला ५ मिनिटं आणि मुदतीला ‘इनडेफिनिटली’ द्या. आधीच जोडलेलं असेल तर रासडायल नुसतं ‘तुम्ही जोडलेले आहात’ म्हणून परत जातं, चालू नेटला धक्का लागत नाही. ६९१ चाही बंदोबस्त यातच होतो, कारण पाच-पाच मिनिटांनी प्रयत्न होत राहतो.

सेटिंग्जच्या पानावर ‘टास्क फेल झाल्यास रीस्टार्ट करा’ असा पर्याय दिसेल. त्यावर विसंबू नका. रासडायल सुरू झालं आणि त्याला जोडता आलं नाही, याला शेड्यूलर अपयश धरेलच असं नाही.

मांडवीतीर

जुनापीसी, याहून नेटकं करता येतं. कनेक्शन तुटलं की विंडोज आपल्या इव्हेंट लॉगमध्ये नोंद करतं. अ‍ॅप्लिकेशन लॉग, स्रोत रासक्लायंट, क्रमांक २०२२६. शेड्यूलरमध्ये दुसरा ट्रिगर ‘ऑन अ‍ॅन इव्हेंट’ घेऊन हे तिन्ही भरायचे. तुटल्या क्षणी पुन्हा डायल. जोडलं गेलं की २०२२५ आणि प्रयत्न फसला की २०२२७ ची नोंद होते, त्यामुळे दिवसातून किती वेळा लाइन गेली त्याचा हिशोबही बसल्या जागी मिळतो. केबलवाल्याशी बोलताना ती यादी फार उपयोगी पडते.

जुनापीसी

उत्तम. दोन्ही ट्रिगर ठेवावेत. तुटल्या क्षणी केलेलं डायल खांबावरची पेटी बंद असताना वायाच जाणार, मग पाच मिनिटांचंच कामाला येईल.

आबोली

ती काळी खिडकी नको असेल तर टास्कच्या पहिल्या पानावर ‘रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट’ निवडा. मग काही दिसत नाही. दर पाच मिनिटांनी चमकत राहिली तर वडीलधाऱ्यांना उगाच धास्ती वाटते. पण पासवर्ड सेव्ह करताना तो ‘या संगणकावरच्या सर्वांसाठी’ असा केलेला असावा. एकट्या वापरकर्त्यासाठी केलेला असेल आणि टास्क दुसऱ्या खात्यातून चालवला तर त्याला पासवर्ड सापडत नाही.

चिरेबंदी

विंडोज १० ची मुदत संपलीच आहे तर उबुंटू टाका की! डेबियन-उबुंटूत ‘पीपीपीओईकॉन्फ’ नावाचं साधन आहे. ते नेटवर्क कार्ड शोधतं, नाव-पासवर्ड विचारतं आणि शेवटी स्वतःच विचारतं, संगणक सुरू होताना जोडू का? हो म्हटलं की संपलं. लाइन तुटली तर पुन्हा प्रयत्न करत राहणं हेही त्याच्या फायलीतल्या ‘परसिस्ट’ या एका शब्दावर होतं, आणि ‘मॅक्सफेल’ शून्य ठेवलं की ते कंटाळत नाही. वाचणं, ऐकणं, व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर जुन्या यंत्रावर हे विंडोजपेक्षा हलकं चालतं.

हुमण

चिरेबंदी, तुम्ही प्रत्येक धाग्यावर उबुंटू टाकता. मागे मिक्सर बिघडला तेव्हाही हेच सांगितलं होतं. 😄

चिरेबंदी

मिक्सरला नव्हतं सांगितलं. टीव्हीच्या डब्याला सांगितलं होतं, आणि तो डबा आजही चालतो आहे.

आबोली

चिरेबंदी, उबुंटू चांगलं आहे, मी स्वतः वापरते. पण सवय झालेल्या ज्येष्ठ माणसाची सगळी चिन्हं एका रात्रीत बदलायची नाहीत, असं मला वाटतं. त्यांना हवं तेव्हा, शेजारी बसून, हळूहळू.

सत्तरीकर

आबोलीताईंशी सहमत. चवथीला घरी जाणार आहे. राउटर घेऊन जातो आणि उबुंटूचा पेनड्राइव्हही, बाबांना दाखवून त्यांचं मत घेतो.

राउटर घेताना काय बघावं? घर जुनं आहे, चिऱ्याचं. संगणक माडीवर आणि बहिणीचा व्हिडिओ कॉल आईला स्वयंपाकघरातून घ्यायचा असतो.

काणकोणचा_पाऊस

चिऱ्याच्या जाड भिंतीतून वायफायचे हाल होतात. ५ गिगाहर्ट्झ तर एका भिंतीतच दमतं, २.४ थोडं पुढे जातं. एका महागड्या राउटरच्या मागे लागू नका. साधा राउटर माडीवर ठेवा, त्यातून एक लॅनची वायर घरातल्या घरात खाली न्या आणि स्वयंपाकघराजवळ दुसरा साधा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावा. वायर शंभर मीटरपर्यंत नीट चालते, घरात तेवढी लागत नाही. भिंतीला भोक पाडायची गरज नाही, जिन्याच्या कडेने उतरवा.

घुमट

राउटरमध्ये ‘वॅन’ प्रकार पीपीपीओई. जोडण्याचे साधारण तीन पर्याय असतात, आपोआप, मागणी आली की, आणि हाताने. ‘आपोआप’ निवडा. ‘मागणी आली की’मध्ये काही वेळ वापर नसला तर तो तोडून टाकतो. राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. खोक्यावर लिहिलेला ठेवू नका.

आणि राउटर स्वतः डायल करायला लागला की संगणकातला तो टास्क आणि जुनं ब्रॉडबँड कनेक्शन, दोन्ही काढून टाका. इंटरनेट ऑप्शन्समध्ये ‘नेव्हर डायल अ कनेक्शन’ निवडा. नाहीतर संगणक राउटरच्या मागून डायल करत बसेल, पलीकडे उत्तर द्यायला कोणी नसेल, आणि ६५१ च्या खिडक्या बघून बाबांना वाटेल नेट गेलं.

मांडवीतीर

राउटर लावल्यावर काही साइट उघडल्या आणि काही अर्धवट लटकल्या तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, बघा. पीपीपीओईत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्याच्या स्वतःच्या वेष्टनाला जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ असावं. बहुतेक राउटर हे आपोआप लावतात.

सत्तरीकर

चवथ झाली, पुण्याला परतलो, म्हणून आता लिहितोय.

केबलवाल्याशी नीट बोललो. त्याने राउटरचा मॅक नोंदवून दिला आणि पुढच्या महिन्यात घरापर्यंत फायबर आणतो म्हणाला. माडीवर एक राउटर, जिन्याखाली दुसरा. आरतीला सगळे जमले होते तेव्हा बहीण तिकडून पूर्ण वेळ आमच्याबरोबर होती, एकदाही तुटलं नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही लावला. संगणकातला टास्क काढला. बाबांना प्लग आणि वायर काढायचं दाखवलं, ते मात्र त्यांनी माझ्याआधी शेजाऱ्यांनाही शिकवलं. उबुंटू त्यांनी पाहिलं, अक्षरं मोठी करता येतात हे आवडलं, पण निर्णय दिवाळीनंतर.

एकच गोष्ट कळत नाहीये. रात्री मेन स्विच बंद करून झोपायची बाबांची सवय. सकाळी नेट येतं, राउटरचे दिवे बरोबर, फोनवर सगळं चालतं. पण संगणकावर कुठलीही साइट उघडली की ‘जोडणी सुरक्षित नाही’ असं येतं. बाबा थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू करतात तेव्हा कधी जातं, कधी नाही.

जुनापीसी

खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते ते बाबांना विचारा.

सत्तरीकर

विचारलं. १ जानेवारी, आणि साल फार जुनं.

जुनापीसी

मग मदरबोर्डवरचा सेल संपला. सीआर २०३२, चपटा, रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो, घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मेन स्विच बंद असताना संगणकाचं घड्याळ त्याच्यावर चालतं. साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. संगणकाची तारीख त्याच्या आधीची असली की ब्राउझर ते प्रमाणपत्र नाकारतो. फोनला वेळ नेटवर्कवरून मिळते म्हणून तो चालतो. विंडोज कधी कधी नेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं, म्हणून थांबल्यावर जातं.

प्लग काढून, बाजूचं झाकण उघडून, जुना सेल बाजूच्या खटक्याने सोडवायचा आणि नवा अक्षरांची बाजू वर ठेवून बसवायचा. मग बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख-वेळ एकदा लावायची. शेजारचा मुलगा सहज करेल.

आबोली

बायॉसमध्ये शिरलाच आहे तर त्याला बूटचा क्रमही बघायला सांगा. सेल गेला की बायॉसची सेटिंग्जही मूळपदावर जातात. काही संगणक मग हार्ड डिस्क सोडून भलतीकडून सुरू व्हायला बघतात.

सत्तरीकर

सेल उद्या वाळपईच्या बाजारातून आणायला सांगितला आहे. देव बरें करूं, सगळ्यांचं.

काणकोणचा_पाऊस

दोन आणा. राउटर आला म्हणून सगळा वाडा आता बाबांकडेच विचारायला येणार.